पाचव्या मजल्याची भिंत

आमच्या इमारतीत कुणी कुणाला खालून हाक मारलेली ताईंना खपायची नाही. काळाचौकीत हे जरा अतीच होतं. इथे भाजीवाला खालून ओरडतो, शाळेची व्हॅन खालून ओरडते, किल्ली विसरलेला नवरा खालून ओरडतो. तसं कुणी ओरडलं की ताई तिसऱ्या मजल्यावरून झरझर उतरायच्या आणि त्या माणसाचं मनगट धरायच्या. "कोण हवंय? मी सांगून येते." आणि खरंच, लिफ्ट बंद असली तरी, गुडघे दाबत दाबत सहाव्या मजल्यापर्यंत चढून निरोप पोचवून यायच्या. आता सगळ्यांकडे मोबाइल आहेत, तरी खालून ओरडायची मजा वेगळीच. त्यामुळे ताईंना रोज काम असे.

उंच, काटक बाई. विमा कंपनीत कारकुनी करून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. साडीवर कॅनव्हासचे बूट घालायच्या आणि रस्त्याने चालताना खाली कधीच बघायच्या नाहीत. नजर कायम वर, इमारतींच्या अंगावर. दोनदा उघड्या गटारात पाय गेला, एकदा उभ्या हातगाडीवर आदळल्या, पण मान काही खाली आली नाही. चाळ पाडून आमची सात मजली इमारत उभी राहिली तेव्हापासून त्या इथे होत्या. मी लग्न होऊन पाचव्या मजल्यावर आले ती बरीच नंतर.

त्या वर काय बघतात हे मला एकदा परळला कळलं. मी ऑफिसमधून परत येत होते. काचेच्या एका मोठ्या इमारतीखाली, भर उन्हात, ताई फुटपाथवर उभ्या. हातात मेथीची जुडी, पार मान टाकलेली.

"ताई, काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"मला काय झालंय? तो उतरेपर्यंत थांबलेय."

मी वर पाहिलं. दोराला लटकून एक माणूस काचा धूत होता. खालून तो चिमणीएवढा दिसत होता.

"ओळखीचा आहे?"

"नाही गं."

"मग?"

"मग काय? तू जा. तुझा स्वयंपाक राहील."

मी गेले नाही, कुतूहल म्हणून थांबले. बऱ्याच वेळाने तो माणूस खाली आला, पट्टे सोडवू लागला. ताई पुढे झाल्या. "जेवलास?" त्याला मराठी येत नव्हतं. तो नुसता हसला. ताईंनी पिशवीतली दोन केळी त्याच्या ओल्या हातात दिली आणि एकदम घरच्या रस्त्याला लागल्या, जणू ऑफिस सुटलं. वाटेत मी विचारलं, त्याला वर काही सांगायचं होतं का? त्या म्हणाल्या, "वरच्या माणसाला खालचं काही सांगू नये. त्याचं चित्त वर असू द्यावं."

दहीहंडीच्या दिवशी ताई दार लावून घ्यायच्या आणि दिवसभर मिक्सर चालवायच्या. खोबरं, चटण्या, डोशाचं पीठ, जे सापडेल ते. बाहेरचा ओरडा आत येऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीत चटणी वाटली जायची. वर्गणीला आलेल्या पोरांना विचारायच्या, "सगळ्यांत वरच्याला हेल्मेट घालणार? मगच वर्गणी." पोरं त्यांच्यासमोर मुंडी हलवायची आणि जिन्यात हसायची. इमारतीत सगळ्यांचं मत एकच होतं: एकटीने राहून राहून बाईंचं डोकं जरा हललंय. माझंही फार वेगळं नव्हतं.

त्या वर्षी पाऊस लांबला आणि आमची पश्चिमेची भिंत काळी ठिक्कर पडली. वरून खालपर्यंत शेवाळ, त्यावर कबुतरांची घाण. रंग लावायचं ठरलं, पण रंगवाला म्हणाला, आधी भिंत धुऊन स्वच्छ करून द्या, शेवाळावर रंग धरत नाही. सोसायटीची मीटिंग गच्चीवर भरली. परबकाका आमचे अध्यक्ष, कामाला उरक असलेला माणूस. ते म्हणाले, "दोरीवाले बोलवू. दोन माणसं दोन दिवसांत भिंत धुऊन जातील. विषय संपला."

ताई उभ्या राहिल्या. संतापल्या की त्या मालवणीवर यायच्या.

"माणूस म्हणजे काय बादली आसा, दोरीक बांधून खाली सोडूक?"

काही जण हसले. परबकाका हसले नाहीत. "ताई, सगळीकडे असंच करतात. बेल्ट असतो, सगळं असतं."

"ह्या भिंतीर माणूस लटकाचो नाय."

"मग धुणार कोण?"

"मी धुतंय."

आता सगळेच हसले. परबकाकांनी दोन्ही हात पसरले. "धुवा. दिवाळीनंतर रंगवाला येणार. तोवर भिंत तुमची." जोरात पाणी मारणारं मशीन सोसायटीने घ्यायचं ठरलं आणि कमिटीत सगळ्यांत नवी म्हणून ताईंबरोबर खरेदीला मला पाठवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. हातात सुतळीचा गुंडा, त्याच्या टोकाला खलबत्त्यातला बत्ता बांधलेला. गच्चीवरून तो खाली सोडायचा होता आणि खाली टेकला की मी सांगायचं होतं. "ओरडायचं नाही. फोन कर." बत्ता टेकला, मी फोन केला, त्यांनी सुतळीला गाठ मारली. तेवढी सुतळी पिशवीत घालून आम्ही दोघी नागदेवीला, मशीनच्या बाजारात गेलो. "उंची डोळ्यांनी मोजू नये," त्या टॅक्सीत म्हणाल्या. "डोळे कमीच सांगतात."

दुकानदार आधी माझ्याशी बोलत होता. मोठं लाल मशीन दाखवून म्हणाला, "ये ले जाओ मॅडम, सबसे ज्यादा प्रेशर. दीवार चमक जाएगी." ताईंनी विचारलं, प्रेशर मशीनपाशी जास्त की भिंतीपाशी? तो थबकला आणि मग त्यांच्याकडे वळला. पुढचा तासभर मी स्टुलावर बसून होते. ताई काही जाणकार नव्हत्या. पहिल्यांदा त्यांनी बोट ठेवलं ते गाडी धुवायच्या मशीनवर. पण प्रश्न विचारायची त्यांना लाज नव्हती. हळूहळू मलाही समजत गेलं. सुईसारखी धार फार वर जाते, पण जुनं प्लास्टर उखडते. पंख्यासारखी पसरट धार भिंतीला सांभाळते, पण वर जाईपर्यंत तिचा जोर जातो. म्हणून मशीन नुसतं दांडगं घेऊन भागत नाही, धारच भिंतीजवळ न्यावी लागते. त्यासाठी लांब दांडा. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, ओढला की वाढत जाणारा.

दुकानदाराने ॲल्युमिनियमचा दांडा काढला. ताईंनी विचारलं, आमच्या भिंतीशेजारून विजेची वायर जाते, तिला लागला तर? त्याने तो आत ठेवला आणि फायबरचा आणला. शेवाळ मारायचं औषध हलक्या धारेने आधी वर चढवायचं, थोडं मुरू द्यायचं, मग वरून खाली धूत यायचं, म्हणजे घाण धुतलेल्या भागावर उतरत नाही, हे त्याने नीट समजावलं. खाली वाकवलेली मानेसारखी एक नळी दाखवली, गच्चीवरून उलटं धुण्यासाठी. दांड्याचं वजन हातावर येऊ नये म्हणून कमरेचा पट्टा दिला.

"धरून बघते," ताई म्हणाल्या. मागच्या गोदामाशेजारी त्याने मशीन सुरू केलं. ताईंनी खटका दाबला आणि पाण्याच्या उलट्या धक्क्याने त्या तीन पावलं मागे येऊन माझ्या अंगावर आदळल्या. मला वाटलं, घाबरल्या. बघते तर त्या हसत होत्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. मी त्यांना तसं हसताना एवढं एकदाच पाहिलं. मग त्यांनी मधलं मशीन निवडलं, जे त्यांच्या हाताला आवरत होतं.

सुतळी दुकानाच्या फरशीवर उलगडली तेव्हा मात्र दुकानदाराने मान हलवली. "माताजी, नीचे से चौथे माले तक. ऊपर से दो माले. बीच में तो आदमी ही लगेगा."

ताई खाली वाकल्या. सुतळी गुंडाळली आणि पिशवीत टाकली.

दांडा टॅक्सीच्या टपावर बांधला. टॅक्सी मशीद बंदरच्या कोंडीत अडकली. हातगाड्या, हॉर्न, शिव्या. त्या गोंगाटात ताई समोर बघत बोलायला लागल्या. मी काही विचारलं नव्हतं.

त्यांचा एक धाकटा भाऊ होता. गिरणी बंद पडली, वडील घरी बसले, तेव्हा त्याने शाळा सोडली आणि इमारतींना रंग मारणाऱ्यांबरोबर जाऊ लागला. झुल्यावर बसून. एक फळी, दोन दोर. ताई तेव्हा नव्यानेच नोकरीला लागल्या होत्या. गिरगावात त्याचं काम चालू होतं आणि ताईंची कचेरी जवळच होती. म्हणून त्याचा डबा त्याच घेऊन जायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत दोघं फुटपाथवर बसून जेवायची.

"त्या दिवशी मला उशीर झाला होता. साहेबाने थांबवून घेतलं. भूक लागली असेल म्हणून धावत गेले. तो वर पाठमोरा होता. मी हाक मारली."

टॅक्सी थोडी पुढे सरकली, पुन्हा थांबली.

"एकदा ऐकलं नाही त्याने. मग मोठ्याने मारली. त्याने वळून बघितलं. मला. आणि हात वर केला गं. ऐकू आलं हे सांगायला."

मला पुढचं विचारवेना. त्याच म्हणाल्या, "दोराचा हात होता तो."

टॅक्सीवाला आरशातून आमच्याकडे बघत होता. ताईंनी पर्समधून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही. घडी मोडली, पुन्हा घातली. "आई मरेपर्यंत मला काही बोलली नाही," त्या म्हणाल्या. "एखाद वेळी बोलली असती तर बरं झालं असतं."

इमारतीत मी हे कुणालाच सांगितलं नाही.

पुढच्या रविवारपासून भिंत धुणं सुरू झालं. ताईंनी नोकरीत असतानाचा जुना रेनकोट चढवला, कमरेला पट्टा, डोळ्यांवर चष्मा. खिडक्याखिडक्यांतून माणसं बघायला उभी. सुरुवातच फसली. धार फार जवळ धरली गेली आणि तळमजल्याशी ताटाएवढं प्लास्टर सुटून खाली पडलं. परबकाका बनियनवर धावत आले. "ताई, भिंत धुवायचीय, पाडायची नाही!" ताईंनी मशीन बंद केलं, पडलेले तुकडे स्वतः गोळा केले, नोझल बदललं आणि दोन हात मागे सरकल्या. त्यानंतर एक ढपली पडली नाही.

हळूहळू भिंत उजळत गेली. पाणी भरलं की दांडा जड व्हायचा, वाकायचा. दर थोड्या वेळाने त्या तो टेकवून खुर्चीवर बसत. मी पाइप सांभाळत असे. कधी सहाव्या मजल्यावरच्या मावशी चहा आणत. हसणारे हसायचे थांबले. एका रविवारी तर परबकाकाच गमबूट घालून आले आणि म्हणाले, "द्या इकडे, तुम्ही बसा जरा." ताईंनी त्यांना धार कशी फिरवायची ते दाखवलं आणि खुर्चीवर बसून सूचना देत राहिल्या. काका तसतशी धार फिरवत होते.

खालून चौथा मजला कसाबसा झाला. गच्चीवरून वाकड्या नळीने सातवा आणि सहावा झाला. मधे पाचवा राहिला. माझा. माझ्या न्हाणीघराच्या खिडकीतून हात घालून जेवढं पोचलं तेवढं आम्ही धुतलं. शेजारच्यांच्या खिडकीतूनही. बाहेरून बघितलं तर काळ्या पट्ट्यावर दोन पांढरे गोल दिसायचे, चष्मा लावल्यासारखे. ताई शिडीच्या गाडीची चौकशी करून आल्या, ज्यात माणूस पिंजऱ्यात उभा राहून वर जातो. गाडी आली, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी अडली. मंडळाची शेड आणि दोन्ही बाजूंच्या स्कूटर. वळेना. ताई त्या गाडीमागे नाक्यापर्यंत चालत गेल्या. ती निघून गेल्यावरही तिथेच उभ्या होत्या.

मग त्यांना खोकला लागला. आधी थंडीचा वाटला. जिना चढताना धाप लागायला लागली, निरोप पोचवणं थांबलं. एका सकाळी दूधवाल्याने मला ताईंच्या दाराशी बोलावलं. त्यांना परळच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखल केलं. फुप्फुसं आतून कडक होत चाललीयेत, बरीच वर्षं, असं डॉक्टर म्हणाले. परबकाकांनी त्यांना विचारलं, "पाण्यात भिजल्याने तर नाही ना?" डॉक्टर नाही म्हणाले. काकांनी ते बाहेर येऊन नर्सला पुन्हा विचारलं, मग मला.

रंगवाला तारीख धरून बसला होता. काका माझ्याकडे आले. दारातच उभे राहून म्हणाले, "एका दिवसाचं काम आहे. त्यांना कशाला सांगायचं? बरं नाहीये त्यांना. गुपचूप करून घेऊ."

"नाही काका. मी विचारून येते."

मी गेले तेव्हा ताईंच्या नाकाला नळी होती. मी सरळ सांगितलं. पाचव्या मजल्यासाठी एक दोरीवाला येणार आहे, तुम्ही नको म्हणालात तर मी काकांना थांबवते.

त्यांनी नजर छताच्या पंख्याकडे वळवली. मग एकेक शब्द तोडत म्हणाल्या, "दोन दोर. एक कामाचा, एक जिवाचा. दोन्ही वेगवेगळ्या जागी बांधायचे. तू स्वतः बघ."

"बघते."

"मशीन खालीच ठेवा. त्याच्या हातात फक्त छोटा दांडा. धार बारीक ठेव, नाहीतर धक्का बसेल त्याला."

"हो."

"आणि तू खाली उभी राहा."

दोरीवाला आला तो चाळिशीतला, गप्प माणूस. गच्चीवर मी दोन्ही दोर बघितले. एक टाकीच्या खांबाला, दुसरा जिन्याच्या खांबाला. मी गाठी ओढून पाहिल्या. परबकाकांनी फाटक बंद केलं आणि तिथेच खुर्ची टाकून बसले. कुणी तोंड उघडायला लागलं की ओठांवर बोट ठेवायचे.

मी खाली उभी राहिले. मला वाटलं होतं, उभं राहण्यात काय आहे! पण तो कठड्यावरून उलटा वळला आणि पाय हवेत गेले, तेव्हा मी नकळत दोन पावलं पुढे गेले. पाणी सुरू झालं. काळे ओघळ खाली यायला लागले. भिंतीकडे माझं लक्षच नव्हतं. तो पाय टेकवतो, सरकतो, पुन्हा टेकवतो. दोर ताणतो. दुपार झाली. ऊन डोळ्यांत येत होतं, पण डोळे काढावेसे वाटेनात. मी बघायची थांबले तर काहीतरी होईल, असं उगाच मनात बसलं होतं. ताईंच्या मनात ते किती वर्षं बसलं होतं कोण जाणे.

तो खाली आला. पाय टेकले, पट्टे सुटले. परबकाका उठून उभे राहिले आणि त्याला पाण्याची बाटली दिली. मी व्हिडिओवर फोन लावला. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या मुलीने तो ताईंच्या चेहऱ्यासमोर धरला.

"ताई, झालं. पाचवा झाला. थांबा, तुम्हाला दाखवते." मी फोन भिंतीकडे वळवला.

"भिंत नको," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की मी फोन कानाला लावला. "भिंत नको गं. तो दाखव."

मी फोन त्याच्याकडे वळवला. तो पायरीवर बसला होता, नखशिखांत भिजलेला, बुटांतलं पाणी ओतून टाकत. कोण बघतंय हे त्याला ठाऊक नव्हतं. एक बूट ओतला, मग दुसरा. मोजे पिळले. पायाची बोटं चोळली. ताई बघत राहिल्या. पडद्यावर त्यांचा चेहरा, नळी, आणि हलणारे ओठ. काय म्हणत होत्या ते मला कळलं नाही. मी विचारलं नाही. त्याचे बूट घालून होईपर्यंत मी फोन तसाच धरून ठेवला.

संध्याकाळी मी हॉस्पिटलात गेले. त्यांना बोलायचा त्रास होत होता. मी नुसती बसून राहिले आणि न कळत मानेमागे हात नेऊन चोळत होते. त्यांनी ते पाहिलं.

"मान धरली?"

"हो ना."

"धरते. चार दिवस दुखेल." त्यांनी दम घेतला. "खोबरेल कोमट करून लाव. जोरात चोळू नको."

मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. नर्सने मला बाहेर जायला सांगितलं.

रात्री घरी मी वाटीत तेल कोमट केलं. दुसऱ्या दिवशीही केलं. तिसऱ्या दिवशी पहाटे हॉस्पिटलातून परबकाकांचा फोन आला, आणि मी उठून बसायला गेले तेव्हा मान अजून दुखत होती.